रोजचं वचन फॉरवर्डमधून नको, पुस्तकातून वाचा

ताई, जय ख्रिस्त. टोरोंटोहून लिहिलेलं तुमचं पत्र मिळालं. नगरला असताना रात्री जेवणाआधी घरात शास्त्रपाठ आणि प्रार्थना व्हायचीच, आणि आता तिकडे तुमची हॉस्पिटलची नाइट शिफ्ट, यजमानांचा लांबचा ड्राइव्ह, मुलांचे क्लासेस, त्यामुळे चौघं एका टेबलाशी बसणंच मुश्किल झालंय. सकाळी फॅमिली ग्रुपवर जे वचन येतं ते वाचते, आमेन टाकते, पण विश्वासात वाढ होतेय असं वाटत नाही, असं तुम्ही लिहिलंत. हे तुमच्या एकटीचं नाही, बाहेर राहणाऱ्या कितीतरी मंडळींकडून हेच ऐकायला मिळतं.

मला यातलं मुख्य काय वाटतं ते सांगते. ग्रुपवरचं वचन वाईट नाही हो, पण त्याला मागचं-पुढचं काही नसतं. बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं 29:11 घ्या, देवाचे आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, हे तर फुलांच्या फोटोवर आपण सगळ्यांनीच शंभरदा वाचलंय. पण तो अख्खा अध्याय एकदा शांतपणे वाचा. ते एक पत्र आहे, बाबेलला नेलेल्या लोकांना लिहिलेलं, म्हणजे परक्या देशात राहणाऱ्यांना! आणि त्यात आधी काय येतं तर घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या शहरात मी तुम्हाला पाठवलंय त्याचं भलं होवो म्हणून प्रार्थना करा, आणि परत यायला सत्तर वर्षं लागणार आहेत. हे सगळं वाचून मग अकराव्या वचनावर आलं की ते नुसतं धीराचं वाक्य राहत नाही. ज्या शहराच्या थंडीला आपण रोज नावं ठेवतो त्याच शहरासाठी प्रार्थना करायची आहे हे कळतं, आणि वाढ म्हणतात ती इथून सुरू होते.

म्हणून माझं म्हणणं, थोडं वाचा पण एक पुस्तक धरून सलग वाचा. दर जानेवारीला वर्षभरात पूर्ण बायबलचा प्लॅन सुरू होतो आणि लेवीय या तिसऱ्याच पुस्तकापाशी गाडी अडते असं तुम्ही लिहिलंय, तर त्यात नवल नाही, 66 पुस्तकं, 1189 अध्याय, म्हणजे रोजचे तीन-चार अध्याय झाले, शिफ्ट करणाऱ्या बाईला आणि आठ वर्षांच्या मुलाला ते झेपणारं नाही. तुम्ही मार्कचं शुभवर्तमान घ्या, म्हणजे मार्कने सांगितलेली येशूची गोष्ट. सोळाच अध्याय आहेत आणि गोष्ट भराभर पुढे जाते.

वाचून झालं की मुलांना समजावून सांगत बसू नका, त्यांना विचारा. चौथ्या अध्यायात वादळाची गोष्ट आहे, नाव पाण्याने भरत चाललीये आणि प्रभू येशू मागच्या बाजूला उशीवर झोपलेला आहे. ही उशी फक्त मार्कच सांगतो, मुलांच्या ते बरोबर लक्षात राहतं. मग विचारा, शिष्य वादळात घाबरले होते, पण वारा थांबल्यावरही घाबरलेलेच का होते? तुमची मुलगी तेरा वर्षांची आहे, ती जे उत्तर देईल ते मधे न तोडता ऐका, आणि तुम्हाला स्वतःला उत्तर माहीत नसेल तर तसं सरळ सांगा, मुलं त्याने विश्वासापासून लांब जात नाहीत.

भाषेचं म्हणाल तर मुलांना इंग्लिशमधून वाचू दे, तुम्ही मराठीतून वाचा, अर्धा अर्धा वाटून घ्या. बोललेलं मराठी त्यांना कळतं ना, मग बायबल अ‍ॅपवर मराठी ऑडिओ आहे तो गाडीत लावा. पण मराठी अजिबात सोडू नका असं मला मनापासून वाटतं. पंडिता रमाबाईंनी मराठी बायबलसाठी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतलं, पुणे जिल्ह्यातल्या केडगावला बसून मूळ भाषांतून पूर्ण बायबल मराठीत आणलं, 1922 ला त्या गेल्या आणि 1924 ला ते प्रसिद्ध झालं. साध्या बायकांना, कमी शिकलेल्यांना देवाचं वचन समजावं म्हणून एका बाईने आयुष्याची इतकी वर्षं दिली, हे तुमच्या मुलीला जरूर सांगा.

वेळेचं असं करा, घड्याळाच्या ठरावीक वेळेवर ठेवू नका, जेवणावर ठेवा. जे कोणी जेवायला बसलेत त्यांनी ताटं उचलायच्या आधी वाचायचं. तुमची नाइट असेल त्या आठवड्यात यजमान वाचतील आणि तुम्ही ब्रेकमध्ये तोच अध्याय कानात ऐका, म्हणजे दुसऱ्या दिवशी बोलायला विषय एकच राहतो. एखादा दिवस चुकला तर डबल वाचून भरून काढू नका, बॅकलॉग झाला की सगळंच बंद पडतं. शनिवारी रात्री आठला सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावा, नगरला तेव्हा रविवारची पहाट असते आणि त्या उठलेल्याच असतात, त्या दिवशीचा पाठ त्यांना वाचू द्या, चर्चला जायच्या आधी त्यांनाही बरं वाटेल.

मार्क संपला की रूथ घ्या, चारच अध्याय आहेत, मवाबातून बेथलेहेमला आलेल्या परक्या सुनेची गोष्ट, दोन देशांच्या मधे वाढणाऱ्या तुमच्या मुलीला त्यावर बरंच बोलायचं असेल. पण ते नंतर. आज जेवण झालं की मार्कचा पहिला अध्याय उघडा, 45 वचनं आहेत, दोन रात्रींत वाचलात तरी चालेल.