मेले किती? वाचकांचे प्रश्न, रेकॉर्डवाल्याची उत्तरं

सैन्याच्या रेकॉर्ड ऑफिसात क्लार्क म्हणून माझी सगळी नोकरी झाली. कोण हजर, कोण जखमी, कोण बेपत्ता आणि कोण गेला, हे नाव-नंबरानिशी कागदावर घेणं हेच काम होतं. त्यामुळे कुठेही युद्ध पेटलं की खानदेशातून मला फोन सुरू होतात. युद्ध बदलतं, घोळ तोच राहतो. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

प्रश्न (एक वाचक, पारोळा) : युक्रेनमध्ये रशियाचे दहा लाख सैनिक ठार झाले असं टीव्हीवर दाखवलं. खरं का?

नाही. दहा लाखांचा तो आकडा युक्रेनच्या जनरल स्टाफनं, म्हणजे लष्करी मुख्यालयानं, जून २०२५ मध्ये दिला आणि त्यात मेलेले व जखमी दोन्ही आहेत.

प्रश्न (एक शेतकरी, शिंदखेडा) : आप्पा, रोज हजार-बाराशे मरनात सांगतस, मंग फौज उरनी कशी?

भाऊ, वरचंच उत्तर. त्या हजार-बाराशेंत जखमी धरलेले असतात. त्यातले बरेचसे बरे होऊन पुन्हा उभे राहतात, काही पुन्हा जखमी होतात आणि पुन्हा मोजले जातात. वर नवी भरती चालूच असते. आणि रशियाच्या नुकसानीचा हा हिशोब शत्रूनं, म्हणजे युक्रेननं मांडलेला आहे, तेवढं लक्षात असू द्या.

प्रश्न (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, धुळे) : युक्रेनचे मृत सैनिक एका पुस्तिकेत ३१ हजार, दुसरीत ४३ हजार आणि तिसरीत चार लाख आहेत. कोणता आकडा पाठ करू?

३१ हजार मृत हे राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्की यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगितलं. ४३ हजार हे त्यांनीच डिसेंबर २०२४ मध्ये सांगितलं. त्याच वेळी त्यांनी जखमींची ३ लाख ७० हजार प्रकरणं सांगितली. त्यात किरकोळ जखमा आणि एकाच माणसाच्या पुन्हा झालेल्या जखमाही होत्या. तिसऱ्या पुस्तिकेवाल्यानं सगळ्यांची बेरीज मारून ‘ठार’ असं छापलेलं दिसतं. मुखपृष्ठावर रणगाडा, आत एकाही आकड्याला तारीख नाही, आणि पोरांकडून पैसे मात्र रोख. असल्या पुस्तिका घेऊच नका. आकडा, तो कोणी दिला आणि कधी, हे तिन्ही एकत्र पाठ करा. पेपरात नेमकं किती लिहायचं ते विषयाच्या शिक्षकांना विचारा.

प्रश्न (निवृत्त शिक्षक, अमळनेर) : दोन्ही देश सोयीचे आकडे देतात. मी दोन्हींची सरासरी काढून वहीत टिपतो. पद्धत योग्य आहे ना?

गुरुजी, अजिबात नाही. आणि या सवयीवर मी जरा लांबण लावणार आहे, कारण ती शिकलेल्या माणसांनाच असते आणि वर तिला निःपक्षपातीपणा म्हणतात.

आपली माणसं कशी मोजतात ते आधी पाहा. चकमक थांबली की हजेरी होते. जो हजर नाही त्याला शेवटचं कुणी, कुठे पाहिलं ते सोबत्यांना विचारतात. देह हाती आला, ओळख पटली, की नंबर, रँक, नाव अशी खबर वर जाते. रेकॉर्ड ऑफिसात त्या जवानाचा किंड्रेड रोल, म्हणजे घरच्यांच्या नोंदीचा कागद काढून बाप कोण, बायको कोण, गाव-पोस्ट-तालुका कोणता, हे पडताळतात. घरी कळवतात. पुढे पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सेवा-नोंदीतल्या बदलाचा लेखी आदेश निघतो. एकेका नावामागे कागद असतो. हा आकडा उशिरा येतो, सरकारच्या मनात आलं तर दाबूनही ठेवला जातो, पण फुगत नाही.

शत्रूचे मेले किती, हे लांबून ठरतं. एकाच खंदकावर तोफखान्यानं, मोर्टारनं आणि ड्रोननं मारा केला तर तिघांच्याही अहवालात तेच मेलेले येतात. १५ सप्टेंबर १९४० ला ब्रिटिश हवाई दलानं एका दिवसात १८५ जर्मन विमानं पाडल्याचं जाहीर केलं. युद्धानंतर जर्मनांचे कागद पाहिले तेव्हा ती साठच्या आसपास भरली. कुणी मुद्दाम थाप मारली होती असंही नाही. एका विमानावर चौघं गोळ्या झाडतात आणि चौघांनाही ते आपणच पाडलं असं वाटतं. विमान निदान आकाशात दिसतं, खंदकातला माणूस तेवढाही दिसत नाही.

आता तुमची सरासरी लावू. सप्टेंबर २०२२ मध्ये रशियाचे संरक्षणमंत्री शोइगू म्हणाले, आपले ५,९३७ मेले. युक्रेन त्या सुमारास रशियाचं नुकसान ५५ हजारांवर सांगत होता. सरासरी तीस हजारांच्या वर. शोइगूंनीच युक्रेनचे ६१,२०७ ठार आणि ४९,३६८ जखमी सांगितले. युक्रेनचे सरसेनापती झालुझ्नी यांनी महिनाभर आधी आपले सुमारे ९ हजार गेल्याचं सांगितलं होतं. सरासरी पस्तीस हजार. हे तीस आणि पस्तीस हजार कोणी मोजले? कोणीही नाही, ते तुमच्या वहीतच जन्मले. ज्यानं जास्त फुगवलं त्याच्याकडे सरासरी झुकते, म्हणजे मोठ्या थापाड्याला बक्षीस.

आणखी एक. शोइगूंच्या त्या आकड्यात मेलेले जखमींपेक्षा जास्त आहेत. आजच्या तोफा-क्षेपणास्त्रांच्या लढाईत जखमी सहसा जास्त असतात. कोणत्याही क्लार्कनं तो कागद ‘पुन्हा तपासा’ म्हणून परत पाठवला असता. तुम्ही त्याला निम्मा वाटा दिलात.

दोन रकाने आखा. एकात स्वतःचे सांगितलेले मृत, दुसऱ्यात शत्रूनं सांगितलेले. पुढे तारीख आणि जखमी धरलेत की नाही ते. बेरीज नको, भागाकार नको. गणितच करायचं असेल तर जळगावला विद्यापीठात संख्याशास्त्र विभाग आहे, तिथल्या प्राध्यापकांशी बोला.

प्रश्न (ऑर्डनन्स फॅक्टरीतले निवृत्त कामगार, वरणगाव) : मृतांच्या तिप्पट जखमी धरावेत, असं म्हणतात. बरोबर?

ढोबळ अंदाज म्हणून ठीक. कारगिलला आपले ५२७ गेले आणि १,३६३ जखमी झाले, म्हणजे अडीचपटीच्या थोडं वर. इराकमध्ये अमेरिकेचं हेच प्रमाण सातपटीच्या आसपास गेलं, कारण अंगावर चिलखत होतं आणि हेलिकॉप्टर लगेच पोचत होतं. जखमीला उचलून डॉक्टरपर्यंत न्यायला किती वेळ लागतो, त्यावर सगळं आहे. ते माहीत नसताना गुणाकार करू नका.

प्रश्न (एक वाचक, साक्री) : ऑपरेशन सिंदूरमध्ये पाकिस्ताननं स्वतःचे ११ मेले असं सांगितलं, आपण आधी ३५-४० म्हणालो, मग शंभर. नक्की किती?

३५ ते ४० हा आपल्या डीजीएमओंनी (लष्करी कारवायांच्या महासंचालकांनी) ११ मे २०२५ ला दिलेला अंदाज, तोही ताबारेषेपुरता. ११ हा पाकिस्ताननं १३ मेला सांगितलेला. शंभराहून जास्त हे ऑक्टोबरात आलं, पाकिस्ताननं जाहीर केलेल्या मरणोत्तर पदकांच्या यादीवरून. पदकांवरून माग काढणं ही चांगली वाट आहे. कारगिलची ४५३ नावं पाकिस्तानी लष्करानं संकेतस्थळावर टाकली ती २०१० मध्ये, अकरा वर्षांनी. थांबा.

प्रश्न (कॉलेज विद्यार्थी, भुसावळ) : गलवानला सरकारनं आधी तीनच सांगितले, रात्री वीस केले. लपवत होते ना?

लपवणारा त्याच रात्री सांगत नाही. १६ जून २०२० ला आधी एक अधिकारी आणि दोन जवान गेल्याचं आलं. रात्रीच्या निवेदनात आणखी १७ जण, जे गंभीर जखमी होऊन शून्याखालच्या थंडीत सापडले होते, ते दगावल्याचं सांगितलं. पहिल्या दिवसाचा आकडा पेन्सिलीनं लिहायचा असतो. चीननं स्वतःचे चार गेल्याचं कबूल केलं ते फेब्रुवारी २०२१ मध्ये. लपवाछपवीचाच राग असेल तर तो तिकडे काढा.

प्रश्न (एक वाचक, चोपडा) : जून २०२५ मध्ये रशियानं सहा हजारांवर मृतदेह युक्रेनला दिले, रशियाला शंभरही मिळाले नाहीत. म्हणजे युक्रेनचेच जास्त मेले, हे सिद्ध झालं ना?

काही सिद्ध झालं नाही. जो पुढे सरकतो, त्याच्या ताब्यात ती जमीन येते आणि जमिनीवरचे देहही. आपले तो आधीच उचलतो, शत्रूचे साठवून ठेवतो. इस्तंबूलच्या करारानंतर जे आले ते कित्येक महिन्यांचे देह होते. त्यांत काही रशियन निघाले असंही युक्रेननं सांगितलं. कोण पुढे सरकत होतं, एवढंच त्यावरून कळतं.

प्रश्न (वकील, जळगाव) : मग विश्वास ठेवायचा तरी कोणावर?

नावं मोजणाऱ्यावर. मीडियाझोना हे स्वतंत्र रशियन वृत्तसंकेतस्थळ आणि बीबीसीची रशियन सेवा हे काम करतात : गावोगावच्या श्रद्धांजल्या, स्थानिक बातम्या, कबरींवरच्या पाट्या, असं एकेक नाव पडताळून यादी. यादीतला आकडा म्हणजे किमान इतके, खरे त्याहून जास्त. किती जास्त, ते काढायला मीडियाझोना आणि मेदुझा (हेही तसंच रशियन वृत्तसंकेतस्थळ) यांनी वारसा-नोंदींचं सरकारी रजिस्टर घेतलं. ठरावीक वयाच्या पुरुषांच्या वारसा-प्रकरणांत बायकांच्या मानानं किती वाढ झाली, हे पाहून मे २०२३ अखेरपर्यंत सुमारे ४७ हजार मृत असा अंदाज त्यांनी काढला. नावांची यादी तेव्हा त्याच्या निम्म्याहून थोडी अधिक होती. सैन्यानं लपवलं तरी बापाचं घर नावावर करायला कुणीतरी कचेरीत जातंच.

यादीत एक वाकडेपणा राहतो. पानिपतानंतर पेशव्यांच्या हाती आलेल्या पत्रात दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या हे नेमकं होतं. खुर्द्याची गणती नव्हती. आजही कर्नल गेला की बातमी येते. तुरुंगातून थेट आघाडीवर नेलेला कैदी गेला तर एखादवेळी कुणाला कळतही नाही.

प्रश्न (एक तरुण, शहादा) : एजंट रशियात ‘आर्मी हेल्पर’चं काम देतो म्हणतो. आघाडीपासून लांब. हेल्पर फारसे मरत नाहीत, असंही त्यानं आकड्यांसह दाखवलं. जाऊ का?

जाऊ नका. आकडे मी दाखवतो. जानेवारी २०२५ मध्ये आपल्या परराष्ट्र मंत्रालयानं सांगितलं की रशियन सैन्यात गेलेल्या १२६ भारतीयांपैकी १२ मेले आणि १६ बेपत्ता आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांना असंच काहीतरी लांबचं काम सांगितलं होतं. असल्या एजंटांवर सीबीआयनं मार्च २०२४ मध्ये गुन्हा नोंदवला आहे. रशियन भाषेतल्या कागदावर सही केली की तुम्ही हेल्पर राहत नाही. एजंट नोंदणीकृत आहे का, ते सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर आजच पाहा आणि पोलीस ठाण्यात जाऊन विचारा. पैसे दिले असतील तर तक्रार करा. पुढच्या आठवड्यात नको, आजच. जे आधीच गेलेत त्यांच्या घरच्यांनी मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर आणि मॉस्कोच्या दूतावासाकडे लेखी कळवावं.

प्रश्न (एक आई, चाळीसगाव तालुका) : मुलगा सीमेवर आहे. दोन दिवस फोन लागत नाही आणि गावच्या ग्रुपवर शहिदांची यादी फिरतेय. काय करू?

ताई, ती यादी खोटी समजा. घरच्यांना कळवल्याशिवाय सैन्य नाव बाहेर देत नाही. कारवाई सुरू झाली की मोबाइल बंदच असतात, त्यावरून काही ठरवू नका. मुलाचा सर्व्हिस नंबर आणि युनिटचं नाव कागदावर लिहून जळगावच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. त्यांच्यामार्फत युनिटकडे विचारता येतं. युनिटमधल्या दुसऱ्या जवानाचं घर ओळखीचं असेल तर तिथेही चौकशी करा. नंबर आणि युनिट ग्रुपवर मात्र टाकू नका. झोप लागत नसेल तर डॉक्टरांना दाखवा, अंगावर काढू नका. आणि यादी टाकणाऱ्या पोराला सरपंचांसमोर उभं करून विचारा, कोणी दिली. त्याला कुठून तरी ‘आली’ असेल. नेहमी ‘आलेली’च असते.

प्रश्न (एक वाचक, नवापूर) : आजोबांचे धाकटे भाऊ १९६२ च्या लढाईत गेले. ‘बेपत्ता’ अशी तार आली होती, एवढंच घरात माहीत आहे. ते मृतांत धरले गेले का?

१९६२ च्या सरकारी आकड्यांत १,३८३ मृत आणि १,६९६ बेपत्ता आहेत, शिवाय ३,९६८ कैदी. तुमच्या आजोबांची नोंद पहिल्या वर्षी दुसऱ्या रकान्यात असणार. पुढे ती बदलली का, ते रेकॉर्ड ऑफिसच सांगू शकेल. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर स्वातंत्र्यानंतरच्या शहिदांची २५ हजारांहून जास्त नावं कोरलेली आहेत, तिथेही पाहा. अर्ज धुळ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत करा, थेट पाठवू नका.

अर्जात जिल्हा नंदुरबार एवढंच लिहून सोडू नका. तो १ जुलै १९९८ ला झाला. आजोबा १९६० च्या आधी भरती झाले असतील तर त्यांच्या किंड्रेड रोलवर ‘पश्चिम खानदेश’ असेल, नंतर झाले असतील तर ‘धुळे’. तिन्ही लिहा. त्या काळी आपल्याकडच्या आदिवासी पोरांचं आडनाव कागदावर चढलेलंच नसायचं, भरतीवाला बापाचं नाव लावून मोकळा व्हायचा. म्हणून नाव, बापाचं नाव, आईचं नाव, पाडा, गाव, टपालाचं गाव, सगळं द्या. जुनी तार, मनीऑर्डरची पावती किंवा पेन्शनचा कागद ट्रंकेत असेल तर त्यावर सर्व्हिस नंबर असतो. तो सापडला की झेरॉक्स अर्जाला जोडा आणि मूळ कागद कुणाच्याही हातात देऊ नका, कार्यालयातल्या बाबूच्याही नाही.