सॅकवरची चामडी ठिगळं

प्रश्न: घरी ३० लिटरची सॅक शिवतोय. बाहेरून काठी आणि मॅट बांधता यावी म्हणून दोन चिरांची चामड्याची ठिगळं लावायची आहेत. तयार कुठे मिळत नाहीत. कमरेच्या जुन्या पट्ट्यातून कापली तर चालतील का? घरच्या मशीनवर शिवता येतील का?
– एक वाचक, कळवा

उत्तर: पट्टा आधी कापून त्याची कड पाहा. आत पुठ्ठ्यासारखा थर आणि वर प्लास्टिकचा पापुद्रा दिसला, तर तो चामड्याचा भुसा दाबून केलेला माल. चीर पाडली की तिथूनच फाटेल. अस्सल असला तरी पट्टा जेमतेम ३५ मिमी रुंद असतो आणि ठिगळाला ६० मिमी लागतात. म्हणजे पट्ट्याचा नाद सोडा.

हवं ते म्हशीचं, झाडाच्या सालीने कमावलेलं, ३ मिमी जाडीचं चामडं. बाभळीची साल आणि हिरड्याने कमावलेलं कोल्हापुरी चपलांचं चामडं अगदी योग्य. कोल्हापुरी दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे तळाचे उरलेले तुकडे मागा. नाहीतर धिमी लोकल पकडून शीवला उतरा आणि धारावीच्या चामडेबाजारात कातरण शोधा. तिथे पर्स-जॅकेटचं मऊ चामडं पुढे करतील, ते घेऊ नका. क्रोमवर, म्हणजे सालीऐवजी क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं ते चामडं ओढ बसली की ताणतं आणि चीर तोंड वासून बसते. त्याची कापलेली कड बहुधा निळसर-करडी दिसते.

आता माप. ६० मिमीचा चौरस, सॅकवर कोन वर करून बसवायचा. मधोमध दोन उभ्या समांतर चिरा, प्रत्येक २३ मिमी लांब आणि ४ मिमी रुंद, मधे १२ मिमीचा पूल. यातून २० मिमीची नायलॉन पट्टी आरामात जाते. चिरेची दोन्ही टोकं आधी ४ मिमीच्या पंचने गोल पाडा, मग स्टीलची पट्टी धरून मधला भाग कापा. हे गोल भोक शोभेसाठी नाही. टोकाला कोपरा राहिला तर सगळी ओढ तिथे एकवटते आणि चामडं पुढे चिरत जातं.

घरच्या मशीनवर शिवण्याच्या भानगडीत पडू नका. सुई वाकते, मशीनचं टायमिंग बिघडतं, दुरुस्तीचा खर्च चामड्यापेक्षा जास्त. हातानेच शिवा. कडेपासून ४ मिमी आत रेघ मारा आणि तिच्यावर दर ४ मिमीला आरीने भोक पाडा. एका बाजूला १३ अंतरं येतात, एकूण ५२ भोकं. भोकं याहून जवळ घेतली तर पोस्टाच्या तिकिटासारखं चामडं रेघेवर फाटेल. ०.८ मिमीचा मेण लावलेला पॉलिस्टर दोरा साधारण एक मीटर घ्या, दोन्ही टोकांना सुया ओवा आणि प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी काढा. एक टाका तुटला तरी बाकीचे सुटत नाहीत. सुती दोरा पावसात कुजतो.

सगळ्यात जास्त विसरलं जातं ते अस्तर. ठिगळाच्या मागे, सॅकच्या आतून, चारी बाजूंनी १५ मिमी मोठा जाड कॉर्ड्युराचा (चिवट नायलॉन कापडाचा) तुकडा लावा. चामडं टिकतं, त्यामागचं कापडच फाटतं. आणि हे सगळं सॅकचे भाग जोडण्याआधी. नंतर आत हात जात नाही.

प्रश्न: अशाच ठिगळांवर पावसाळ्यात काळे डाग आणि पांढरी बुरशी आली. काय करू?
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर: बुरशी कोरड्या फडक्याने गॅलरीत पुसा, सॅक पंख्याखाली वाळवा आणि मग मधमाशीचं मेण चोळा. उन्हात वाळवली तर चामडं कडक होऊन तडकतं. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेली सॅक तर बुरशीला आमंत्रणच. काळे डाग बहुधा लोखंडाचे: ओल्या चामड्यातलं टॅनिन (कमावताना सालीतून उतरलेलं द्रव्य) लोखंडाशी लागलं की निळं-काळं होतं. ते नीट निघत नाहीत. जवळपास लोखंडी रिव्हेट किंवा बक्कल असेल तर काढून पितळी लावा.