‘डबा तसाच परत येतो’

शाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की माझ्याकडे एकाच तक्रारीचे फोन वाढतात. "मॅडम, डबा तसाच परत येतो." सांगणाऱ्या बहुतेक आया असतात आणि हे वाक्य बोलताना त्यांचा आवाज खाली जातो, स्वतःचीच चूक कबूल केल्यासारखा. मागच्या पावसाळ्यात आलेल्या अशाच एका आईची ही हकिगत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलाला आपण ईशान म्हणू.

ईशान दुसरीत, सात वर्षं पूर्ण. घर नाशिकला, आई बँकेत, वडील कारखान्यात शिफ्टला, आजी घरी. आई पहिल्या भेटीला वही घेऊनच आली. पंधरा दिवस रोज डब्यात काय दिलं आणि काय परत आलं, याची तारीखवार नोंद. पोळी-दुधी, परत. पोळी-फ्लॉवर, परत. पालक पराठा, एक घास. घरी तो काय खातो त्याची यादी वेगळ्या पानावर होती आणि ती छोटी होती: दहीभात, बटाट्याच्या काचऱ्या, तूप-साखर लावलेली पोळी, वरणभात, थालीपीठ, उकडलेलं अंडं, केळं, मॅगी, बिस्किटं.

"मी साडेपाचला उठते. बीटाच्या पुऱ्या केल्या, पालकाची इडली केली, सँडविच चांदणीच्या आकारात कापून दिली," ती सांगत होती. "आणि परवा दप्तराच्या तळाच्या कप्प्यात पोळीचे चार रोल सापडले. बुरशी आलेले. मी त्याला पाठीत मारलं. आजवर कधी हात उचलला नव्हता." एवढं बोलून ती वहीची पानं नीट करत बसली.

अशा वेळी समोरच्या बाईला हव्या असतात पाककृती. मी पहिल्या भेटीत त्या देत नाही. डबा भरतो आपण, पण तो उघडला जातो आपल्या नजरेआड, दोन-चार किलोमीटर दूर, पन्नास मुलांच्या गलक्यात. तिथे काय होतं ते कळल्याशिवाय पदार्थ बदलत राहणं म्हणजे अंधारात चाचपडणं. म्हणून मी आईला दोन गोष्टी सांगितल्या. एक, बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन उंची-वजनाचा तक्ता आणि हिमोग्लोबिन बघून घ्या. दोन, येत्या शनिवारी दुपारी बारा वाजता ईशानला घेऊन या आणि येताना डबा आणा. सकाळी शाळेसाठी भरता तसाच, त्याच वेळी भरलेला.

शनिवारी मी त्याला म्हटलं, "मला तुमच्या शाळेतली मोठी सुट्टी बघायची आहे. दाखवशील?" मुलांना असं नाटक आवडतं. त्याने तोंडाने घंटा वाजवली, वही मिटली, हात धुवायला रांगेत उभा राहिला. माझ्या दाराशी बराच वेळ उभा होता. "किती वेळ?" तर म्हणाला, "नळ दोनच आहेत." मग येऊन बसला, पिशवीतून डबा काढला आणि झाकणाला भिडला.

झाकण निघेना. स्टीलचा डबा, झाकणाला आतून रबरी कडं. त्याने डबा दोन गुडघ्यांत धरला, अंगठे झाकणाखाली घालायचा प्रयत्न केला, मग शर्टाच्या टोकाने पकडून ओढलं. चेहरा लाल झाला. आई उठायला लागली तेव्हा मी तिला हातानेच थांबवलं. त्याने डबा खाली ठेवला, पिशवीतून बिस्किटांची छोटी डबी काढली आणि शांतपणे बिस्किट खायला लागला. त्याच्या दृष्टीने जेवण झालं होतं.

"शाळेत कोण उघडून देतं?"

"टीचर. पण त्या जेवत असतात."

"मग विचारत नाहीस?"

त्याने मान हलवली. थोड्या वेळाने म्हणाला, "मागे मी म्हटलं होतं ना, तर सगळे म्हणाले, बेबी आहे."

झाकण मी उघडायचा प्रयत्न केला, मलाही जोर लावावा लागला. कारण साधं आहे. सकाळी घाईत भाजी कढईतून थेट डब्यात जाते आणि वाफेसकट झाकण बसतं. डबा गार झाला की आतल्या वाफेचं पाणी होतं, हवा आकसते आणि झाकण आत ओढलं जातं. रबरी कड्यामुळे बाहेरची हवा आत शिरत नाही. सात वर्षांच्या अंगठ्यात ते सोडवण्याइतकी ताकद नसते. त्याच वाफेचं पाणी पोळीवर पडतं. आतली पोळी मी बोटाने उचलली: एका बाजूने ओली, दुसऱ्या बाजूने चामड्यासारखी, आणि तिला दुधीच्या फोडणीचा कोंदट वास. ती पोळी मीही खाल्ली नसती.

आई डब्याकडे बघत राहिली. "दीड वर्ष झालं हा डबा घेऊन," एवढंच म्हणाली.

आता, सगळ्यांची अडचण झाकणाचीच असते असं नाही. एका मुलीच्या बाबतीत ती शाळेच्या स्वच्छतागृहात जावं लागू नये म्हणून न खाता, न पिता राहत होती आणि बद्धकोष्ठामुळे तिची भूकच मेली होती. एकाला शेजारचा मुलगा भाजीला नावं ठेवत होता. एकाचा डबा बसमध्येच वाटून संपायचा. म्हणून माझा आग्रह असतो, पदार्थाच्या आधी सुट्टी विचारा. कधी घंटा होते, कुठे बसता, शेजारी कोण, कोण आधी खेळायला पळतं. आणि हे प्रश्न रात्री अंथरुणात किंवा गाडीवर मागे बसलेला असताना विचारा, डबा हातात धरून नव्हे.

डॉक्टरांचा अहवालही आला. उंची-वजन ठीक होतं, हिमोग्लोबिन थोडं कमी. महाराष्ट्रात हे विरळा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या पाच वर्षांखालच्या दर १०० मुलांमागे सुमारे ६९ मुलांमध्ये रक्तक्षय आढळला होता. डॉक्टरांनी लोहाचं औषध दिलं आणि दुधाबद्दल विचारलं. ईशान दिवसाला तीन मोठे ग्लास दूध प्यायचा, तेही चॉकलेटची पावडर घालून. डबा परत आला की आजीचा जीव कळवळायचा आणि चार वाजता दूध-बिस्किटं हजर व्हायची. दुधाने पोट भरतं, पण त्यात लोह जवळजवळ नसतं, आणि फार दूध प्यायलं की लोह शोषायलाही अडथळा येतो. आजींना हे मी मुद्दाम बोलावून, मानाने सांगितलं. त्यांच्यावर खापर फोडून काही साधलं नसतं, कारण त्या घरात त्याला रोज पोटभर खायला घालणाऱ्या त्याच होत्या. त्यांनी दूध एका ग्लासावर आणलं आणि चारच्या खाण्यात लिंबू पिळलेली मटकीची उसळ किंवा गूळ-शेंगदाणे आणले. उसळीतलं लोह अंगी लागायला लिंबाची मदत होते.

इथे एक सावधगिरीची गोष्ट. काही मुलांची नाटकं नसतात, त्रास खरा असतो. वजन घटतंय, ठरावीक पोताचा घास तोंडात गेला की उबळ येते, खाण्याचे पदार्थ महिन्यागणिक कमी होत चाललेत, नवीन ताट समोर आलं की घाम फुटतो, तर हे नुसतं निवडून खाणं नव्हे. मानसोपचारात याला २०१३ पासून स्वतंत्र निदान आहे. अशा मुलाला बालरोगतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ या दोघांची गरज असते, घरगुती युक्त्यांवर महिने घालवू नयेत. ईशानचं तसं नव्हतं. साधारण दोन ते सहा वर्षं या वयात मुलं अनोळखी पदार्थांना बिचकतात, त्याचंच शेपूट त्याच्यात उरलं होतं.

दुसऱ्या भेटीत मी आईला एलिन सॅटर यांची वाटणी सांगितली. या अमेरिकन आहारतज्ज्ञ आणि कुटुंब-समुपदेशक. त्यांचं म्हणणं असं की काय वाढायचं, केव्हा आणि कुठे, हे मोठ्यांनी ठरवावं. खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. ऐकायला सोपं, करायला जड. आई लगेच म्हणाली, "मग तो रोज बिस्किटंच खाईल." पण बिस्किटं डब्यात घालायची की नाही हा निर्णय आईच्या वाट्याचा आहे, ती घातलीच नाहीत तर प्रश्न उरत नाही. उरलेला निर्णय मात्र खरोखर त्याच्यावर सोडायचा.

मग आम्ही डबा नव्याने मांडला. माझं ठाम मत आहे की शाळेचा डबा ही प्रयोग करायची जागा नाही. वीस मिनिटांच्या सुट्टीत, मित्रांसमोर, भूक लागलेली असताना मुलाला ओळखीचं अन्न हवं असतं. नवीन भाजी संध्याकाळच्या ताटात, घरच्यांच्या पंगतीत, चमचाभर. डब्यात फक्त त्याच्या यादीतले पदार्थ, पण जरा बळकट केलेले. नुसती पोळी दुपारपर्यंत कडक होते, म्हणून दुधात कणीक भिजवून दशमी. प्रवासाला आपल्याकडे दशम्या नेतात त्या उगाच नाही. आकार पुरीएवढा, वाटीने कापलेला, दोन घासांत संपणारा. थालीपीठ त्याला आवडायचं, तर घरच्या भाजणीचं, कारण भाजणीत डाळी आणि कडधान्यं आपसूक येतात. दहीभात बारापर्यंत आंबतो, म्हणून भात कोमट असताना त्यात दूध कालवायचं आणि वर अर्धा चमचा दही. सुट्टीपर्यंत ते आतल्या आत विरजतं आणि भात गोडसर लागतो. सोबत उकडलेलं अंडं किंवा शेंगदाण्याचा लाडू.

किती द्यायचं याबद्दल आईच्या मनात तीन पोळ्या पक्क्या होत्या. मी तिला शालेय पोषण आहाराचं मोजमाप दाखवलं: पहिली ते पाचवीच्या मुलाला दुपारच्या जेवणातून ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा निकष आहे. तुपाच्या दोन छोट्या दशम्या, एक अंडं आणि एक लाडू मिळून अंदाजे तेवढं भरतं. डबा मोठा दिसायची गरज नाही. (जिल्हा परिषदेच्या शाळांत मी जाते तेव्हा मुलं ओळीने बसून एकच खिचडी खात असतात. तिथे ‘माझ्या मुलाचा डबा परत येतो’ हे वाक्य मला क्वचितच ऐकू येतं.)

आणि डबा बदलला. अंगठ्याने उघडणारी कडी असलेला, दुकानात ईशाननेच उघडून बघून निवडलेला. अन्न जाळीवर पाच-दहा मिनिटं निवू द्यायचं, वाफ गेली की झाकण लावायचं.

हे सगळं आईने चटकन उचललं. तिला अवघड गेली ती शेवटची गोष्ट. मी म्हटलं, तीन आठवडे घरी आल्यावर डबा उघडून बघायचा नाही. विचारायचंही नाही. ईशानच डबा मोरीत ठेवेल, आजी धुतील, आणि उरलेल्या अन्नाची चर्चा होणार नाही.

ती गप्प झाली. मग म्हणाली, "डबा भरलेला निघाला की सासूबाई काही बोलत नाहीत. पण मला वाटतं, सगळ्यांसमोर माझा पेपर तपासला जातोय." आजी शेजारीच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, मी बघते ते त्याच्या पोटात काय गेलं म्हणून. तुला कशाला बोलेन?" त्या दोघी हे एकमेकींशी पहिल्यांदाच बोलत होत्या, माझ्या खोलीत. मी मध्ये पडले नाही. त्या दिवशीचा बाकीचा वेळ त्यावरच गेला आणि माझ्या मते तोच सगळ्यात सत्कारणी लागला. बुधवारचा डबा वडिलांनी करायचा, हेही तिथेच ठरलं.

ईशानच्या बाजूने बघा. दारात पाऊल टाकलं की आधी हात जायचा दप्तराला. दिवस कसा गेला, कोण भेटलं, काही नाही, सरळ झडती. त्या झडतीला घाबरून त्याने रोल तळाच्या कप्प्यात लपवले होते. खोटं बोलायची सवय त्याला लागली नव्हती, खरं बोलायला घरात जागा उरली नव्हती.

दोन आठवड्यांनी आईचा फोन आला. ईशान आपणहून सांगत आला होता, "आज अर्धं थालीपीठ मी खाल्लं आणि अर्धं शेजारच्याला दिलं. त्याने मला ढोकळा दिला." आईने विचारलं, "कसा होता ढोकळा?" पुढची दहा मिनिटं तो ढोकळ्याबद्दलच बोलत होता.

दिवाळीनंतर ते पुन्हा आले. डबा बहुतेक दिवशी संपतो, कधी निम्मा येतो, वडिलांच्या बुधवारी हमखास संपतो कारण अंडा-पोळी असते. हिमोग्लोबिन सुधारलंय. पालेभाजी मात्र अजून नाही, आणि आईला त्याचीच काळजी. भाजी लपवून घालू का, असं तिने विचारलं. थालीपिठात मेथी घाला, पण त्याने विचारलं तर मेथी आहे म्हणून सांगा, असं मी म्हटलं. एकदा फसवलं गेल्याचं कळलं तर तो आवडत्या थालीपिठालाही हात लावणार नाही. नवीन चव जिभेला ओळखीची व्हायला दहा-पंधरा वेळाही लागतात, आणि आपण तीन-चार वेळांतच ‘याला आवडत नाही’ असा शिक्का मारून मोकळे होतो.

आजी आता मेथी निवडायला त्याला शेजारी बसवतात. देठ वेगळे करायचं काम त्याचं. आईने मोबाइलवर फोटो दाखवला: स्वयंपाकघराच्या दारामागचं कालनिर्णय, नोव्हेंबरच्या पानावर निळ्या पेनाची पाच टिंबं. प्रत्येक टिंब म्हणजे त्याने मेथीचं पान तोंडात घातलं तो दिवस. आदल्या संध्याकाळी सहावं. पान चावलं, तोंड वाकडं केलं, मोरीत जाऊन थुंकलं आणि परत येऊन देठ खुडायला बसला.