वारी संपली की बॅटरीचं काय करता?

प्रश्न : ताई, आमची दिंडी सातारा जिल्ह्यातली. खांद्याला अडकवायचा ॲम्प्लिफायर, एक भोंगा, हँडमाईक आणि 12 व्होल्ट 7 ॲम्पिअर-अवरची बॅटरी एवढा सेट आहे. पहिल्या वर्षी रात्री चार्ज केला की अख्खी सकाळ चालायचा. यंदा पुण्याचा मुक्काम हलवला आणि हडपसरला पोचेपर्यंतच आवाज फाटायला लागला. दिवेघाट बिनमाईकचाच चढलो. दुकानदार म्हणतो, बॅटरीच हलकी होती. खरं का? आणि नवी घ्यायची तर लिथियम फॉस्फेटची घ्यावी का?
— एक विणेकरी

उत्तर : माउली, हलकी असेलही, पण मला आधी वेगळंच विचारायचंय. गेल्या आषाढीपासून यंदाच्या ज्येष्ठापर्यंत ती बॅटरी कुठे होती? माझ्याकडे दिंड्यांचे सेट येतात ते प्रस्थानाच्या तोंडावर, आणि बहुतेकांची हकीगत एकच असते. पंढरपूरहून सेट ट्रकमधून गावी आला, उतरलेल्या बॅटरीसकट देवळाच्या माळ्यावर गेला आणि पत्र्याखाली त्यानं उन्हाळा काढला. वारीत या बॅटऱ्यांना फारसं काही होत नाही. त्या मरतात माळ्यावर.

तुमची बॅटरी शिशाची, बंद पेटीतली. ती उतरते तेव्हा आतल्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचा थर बसतो. लगेच चार्ज केली तर तो विरघळतो. महिनोन्‌महिने तशीच ठेवली तर त्याचे टणक खडे होतात आणि मग चार्जर कितीही वेळ लावा, ते सुटत नाहीत. जेवढी पट्टी झाकली गेली तेवढी बॅटरी कमी झाली. चार्जरचा हिरवा दिवा मात्र लागतो, उलट नेहमीपेक्षा लवकरच लागतो, कारण भरायला जागाच उरलेली नसते. म्हणून हिरव्या दिव्यावर विसंबू नका.

मल्टीमीटर आणा आणि असं बघा. बॅटरी रात्रभर चार्ज करा, चार्जर काढा, काही तास तशीच राहू द्या, मग मोजा. चांगली असेल तर 12.7 किंवा थोडं वर दिसेल. साडेबाराच्या खाली असेल तर ती थकली. साडेदहाच्या आसपासच अडकली असेल, तर आतल्या सहा घरांपैकी एक घर गेलं, कारण प्रत्येक घराचे साधारण 2.1 व्होल्ट असतात. अशा बॅटरीवर पैसे घालू नका. आकडा बरा आला तरी थांबू नका. सेटला जोडा, मीटरच्या पिना बॅटरीवरच धरून ठेवा आणि कुणाला तरी वाटेत म्हणतात तशा मोकळ्या आवाजात अभंग म्हणायला लावा. वरच्या स्वराला काटा थोडासा हलला तर ठीक. दर वेळी अकराच्या खाली डुबकी मारत असेल, तर हडपसरला तुम्ही जे ऐकलंत ते हेच. आवाज फाटला तो माईकमुळे नाही, भोंग्यामुळे नाही. ॲम्प्लिफायरला व्होल्टच पुरत नव्हते.

नवी बॅटरी घेताना मीटर बरोबर न्या. दुकानाच्या फळीवर वर्षभर पडून राहिलेली बॅटरीसुद्धा माळ्यावरच्यासारखीच असते. काउंटरवर साडेबाराच्या खाली भरली तर दुसरी मागा. आणि पेटीवरचे 7 ॲम्पिअर-अवर हे 20 तासांत हळूहळू काढल्यावरचे असतात. तुमच्यासारखा सेट सरासरी दीड ॲम्पिअर ओढतो असं धरलं, तरी नव्या बॅटरीवर साडेतीन-चार तासच मिळतील. सकाळ निघते, दिवस निघत नाही. दुपारच्या विसाव्याला बदलायला दुसरी भरलेली बॅटरी ठेवा.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. मुक्कामावर वीज नसली की दिंडीच्या ट्रकच्या बॅटरीला चिमटे लावून सेट चार्ज करणारे मी पाहिलेत. मोठ्या ट्रकला 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या ओळीत जोडून 24 व्होल्ट केलेले असतात. त्यावर तुमची बॅटरी सरळ लावली तर ती तापून फुगेल, आणि सेटला जोडलेली असेल तर सेटही जळेल. दोनपैकी एकाच बॅटरीवरून ओढलं तर ट्रकच्या बॅटऱ्यांचा तोल बिघडतो. लहान टेम्पोची बॅटरी 12 व्होल्टची असते, पण तिथंही मध्ये फ्यूज आणि व्होल्ट आवरणारा चार्जर हवाच. त्यापेक्षा मुक्कामाच्या गावात ज्यांच्या ओसरीवर पथारी टाकता, त्यांच्याकडेच रात्रभर एक प्लग मागा. वारीत नाही कोण म्हणतं?

लिथियम फॉस्फेटची बॅटरी घ्यावी का, असंही तुम्ही पुढे विचारलंय. पैसे जमत असतील तर घ्या. शिशाची सात ॲम्पिअर-अवरची पेटी दोन किलोच्या आसपास भरते, ही निम्म्याहूनही कमी, आणि ओझं वाहणाऱ्याच्या खांद्याला फरक पहिल्याच दिवशी कळतो. चार्जर मात्र तिचाच हवा. आणि मीटरवर तिची शिल्लक कळत नाही. व्होल्ट शेवटपर्यंत तसेच राहतात आणि मग सेट एकदम बंद होतो.

शिशाचीच ठेवणार असाल, तर द्वादशीला घरी निघताना नाही, पण गावी पोचल्या रात्री ती पूर्ण चार्ज करा. सेटपासून वायर सोडवा, कारण बारीक दिवासुद्धा महिनाभरात बॅटरी पिऊन टाकतो. गाभाऱ्याशेजारच्या गार खोलीत ठेवा आणि दर एकादशीआड चार्जिंगला लावा. दिंडीत हे काम एका माणसाच्या नावावर टाका. सगळ्यांचं काम म्हटलं की कुणीच करत नाही.

प्रश्न : मी लोकसाहित्याची विद्यार्थिनी आहे. भोर-मुळशीकडच्या गावांत जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करते. रेकॉर्डरला दोन पेन्सिल सेल लागतात. चार्जिंगचे सेल घातले की बॅटरी निम्मी दाखवते आणि अचानक बंद पडते. एका आजींच्या ओव्या अशाच गेल्या. पॉवर बँक वापरू का?

उत्तर : हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी याच डोंगराळ भागातून सुरुवात करून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या कामाच्या वाटेवर तुम्ही आहात, म्हणून जरा खोलात जाते.

रेकॉर्डरच्या मेनूत सेलचा प्रकार निवडायची सोय असते. तिथं तुमच्याकडे अजून ‘अल्कलाइन’च असणार. अल्कलाइन सेल दीड व्होल्टपासून हळूहळू उतरतो. चार्जिंगचा निकेल मेटल हायड्राइड सेल 1.2 च्या आसपास बराच वेळ टिकतो आणि शेवटी कोसळतो. रेकॉर्डर त्याला पहिल्यापासूनच अर्धा रिकामा समजतो. प्रकार बदला, म्हणजे निशाणी बऱ्यापैकी खरं बोलेल.

सेल घेताना मोठ्या आकड्याला भुलू नका. साधे जास्त क्षमतेचे सेल पडून पडूनच उतरतात. सान्योनं 2005 मध्ये एनेलूप आणले ते याच दुखण्यावर. 2000 मिलिॲम्पिअर-अवरच्या घरातले या जातीचे सेल महिन्यापूर्वी भरून ठेवले तरी गावात कामाला येतात. जोड्या ठरवा, मार्करनं क-क, ख-ख लिहा आणि फोडू नका. जोडीतला एक दुबळा असला की दोन्ही बुडतात. चार्जर प्रत्येक सेल वेगळा भरणारा घ्या. बाहेरचा कंडेन्सर माईक लावत असाल तर त्याला लागणारी 48 व्होल्टची वीज, म्हणजे फँटम पुरवठाही याच दोन सेलांतून जातो, तेव्हा निम्माच वेळ मिळेल असं धरून चाला. नको असेल तेव्हा तो बंद ठेवा.

पॉवर बँक चालेल, पण घरी तपासून. काही पॉवर बँका कमी वीज ओढणारं यंत्र जोडलं की आपोआप बंद होतात. काहींमुळे ध्वनिमुद्रणात बारीक शिट्टी येते. जात्याच्या घरघरीत ती त्या वेळी ऐकू येणार नाही, घरी आल्यावर येईल. म्हणून शांत खोलीत हेडफोन लावून ऐका. मग केबल उपसून बघा. आतल्या सेलांवर रेकॉर्डर चालू राहिला तर उत्तम.

आणि एक सवय लावा. आजी दळण संपवून पुढची पायली घेतात, त्या मोकळ्या क्षणी फाइल बंद करून नवी सुरू करा. बऱ्याच रेकॉर्डरांत वीज गेली की उघडी फाइल अर्धवट राहते, बंद केलेली वाचते.

प्रश्न : घरच्या भजनासाठी घेतलेला ब्लूटूथ स्पीकर चतुर्थीनंतर कपाटात होता. काढला तर मागचं झाकण वर आलंय. आवाज छान येतो. वापरू का?
— म्हापसा

उत्तर : नाही. आतली लिथियमची चपटी बॅटरी फुगली आहे. आवाज कितीही छान येवो, आता चार्जिंगला लावू नका, झाकण दाबून बसवू नका, सुई तर अजिबात लावू नका. कोरड्या वाळूच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून घराबाहेर सावलीत ठेवा आणि दुरुस्तीवाल्याला आधी फोन करून न्या. काढलेली बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे, तेव्हा विकणाऱ्या दुकानात ती घ्यायला लावा. नवी बसवली की पुढच्या चतुर्थीपर्यंत तिला निम्म्या चार्जिंगवर ठेवा, दोन-तीन महिन्यांनी एकदा बघा. लिथियमला शिशासारखं पूर्ण भरून ठेवायचं नसतं.