छापील किमतीपेक्षा कमी, ते परवडतं कसं?

प्रश्न : काका, महिन्याचं वाणसामान आम्ही आता डीमार्टमधून आणतो. चहा, साबण, तेल, सगळं छापील किमतीपेक्षा कमी. आमचे हे म्हणतात, माल दुय्यम असणार, त्याशिवाय परवडेल कसं? खरं काय?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ताई, गल्लीतल्या दुकानात ज्या कंपनीचा साबण मिळतो, तोच तिथेही असतो. गणपती पेठेत 32 वर्षं गल्ल्यावर बसलेला माणूस हे सांगतोय, आणि थोडं जळूनच सांगतोय.

मेख खरेदीत आहे. माझ्याकडे एजन्सीचा माणूस दर मंगळवारी वसुलीला यायचा. मी म्हणायचो, "पुढच्या खेपेला बघू." ती खेप महिन्याने उगवायची, कारण माझेच पैसे गिऱ्हाइकांच्या उधारीत अडकलेले. डीमार्टची ख्याती अशी, की पुरवठादाराचं बिल आठ-दहा दिवसांत चुकतं होतं. रोखीने उचलणाऱ्याला भाव तुटून मिळतो, हे मार्केट यार्डातला हळदीचा अडत्याही सांगेल. शिवाय बहुतेक दुकानांची जागा स्वतःची, त्यामुळे भाडं नाही. सजावटीवरही फार खर्च नाही. वाणं मोजकी, त्यामुळे माल पडून राहत नाही.

मालक राधाकिशन दमाणी मूळचे शेअर बाजारातले. आधी त्यांनी नेरूळला 'अपना बाजार'ची फ्रँचायझी घेतली होती. अपना बाजार म्हणजे 1948 मध्ये नायगावात कामगारांनी उभं केलेलं सहकारी भांडार, तेव्हा धडे कुठे गिरवले ते बघा! स्वतःचं पहिलं दुकान 2002 मध्ये पवईला काढलं. मग पंधरा वर्षं बेताबेताने वाढ. मार्च 2017 मध्ये 299 रुपयांना दिलेला शेअर पहिल्याच दिवशी 604 वर उघडला. (आमच्या धाकट्याने अर्ज केला होता. लागला नाही. तो विषय घरात काढायचा नाही.)

तुम्ही एवढंच करा, यादी घेऊन जा. नाहीतर तेलात वाचलेले पैसे प्लॅस्टिकच्या डब्यांत जातात. डाळी मात्र पेठेतल्या भावाशी ताडून बघा. सुट्या मालात पेठ अजून हार जात नाही.

आणि महिनाअखेरीला पाव किलो साखर "लिहून ठेवा" म्हणून तिथे मिळत नाही. माझ्या जुन्या वहीत 11,400 रुपये अजून येणं आहे. त्यातले दोघे परवा तिथल्याच रांगेत दिसले. हसले, आणि ट्रॉली दुसऱ्या काउंटरकडे वळवली.