वेगळं नाव हवंय? आधी हाक मारून बघा

यादीतली बहुतेक नावं बारशापर्यंत गळतात, घाबरू नका. सुरुवातीला एवढंच करा:

- नाव, वडिलांचं नाव, आडनाव सलग मोठ्याने म्हणा. 'हृदान हृषीकेश' तिथेच अडखळतं.
- आजीला हाक मारायला लावा. तिच्या तोंडी जे होईल, तेच घरात राहणार!
- इंग्रजी स्पेलिंग आत्ताच ठरवा. 'ज्ञेया'चा 'ज्ञ' आपण डीएनवाय लिहितो, हिंदीवाले जीवाय. मग दाखल्यावर एक, आधारवर दुसरं.
- अर्थ संस्कृत कोशात बघा. नावांच्या ॲपवर काहीही छापतात.

नेहमीची चूक म्हणजे दवाखान्यातच घाईने नाव लिहून देणं. जन्मनोंद 21 दिवसांत हवी, पण नाव 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं. लिहिलेलं बदलायला मात्र खेटे पडतात. मागे पडलेलं लाडकं नाव पाळण्यातलं म्हणून आत्याकडे द्या.