आजारी निघालेला गुलाम परत करता यायचा का?

प्रश्न : जुन्या काळी अमेरिकेत विकत घेतलेला गुलाम आजारी निघाला की लोक कोर्टात जाऊन पैसे परत मागायचे, हे खरंय का? आणि मग त्या गुलामाचं काय व्हायचं? – एक वाचक, सातारा

उत्तर : हो, खरंय. लुइझियाना राज्यात तर असे खटले भरपूर चालले. तिथल्या कायद्याचं मूळ पार प्राचीन रोमपर्यंत जातं, तिथेही विकणाऱ्याने गुलामाचा आजार आधीच सांगायचा असा नियम होता. लुइझियानाच्या १८२५ च्या सिव्हिल कोडमध्ये तर स्पष्ट लिहिलंय की कुष्ठरोग, वेड आणि फेफरं हे गुलामातले पक्के दोष, यातलं काही लपवून विकलं असेल तर व्यवहार रद्द. पळून जायची सवय हाही दोषच धरलाय. माणसाला मोकळं व्हावंसं वाटणं हा मालातला दोष, वाचताना खरंच संताप येतो.

लपवालपवी व्हायचीच. लुइझियानातल्या न्यू ऑर्लिन्स शहराच्या बाजारात व्यापारी विक्रीआधी गुलामांना चांगलंचुंगलं खाऊ घालायचे, अंगाला तेल चोपडायचे, पांढरे केस काळे करायचे, आणि वय नि तब्येत विचारली तर काय बोलायचं ते पढवून ठेवायचे, चुकीचं बोललं की मार. गिऱ्हाईक दात बघायचं, अंग चाचपायचं, कपडे उतरवून पाठीवर फटक्यांचे वळ आहेत का तेही बघायचं. पण छातीतला टीबी असा वरवर बघून कुठे कळणार? घरी नेल्यावर खोकला वाढला की मग वकील.

कोर्टात सगळा वाद एकाच गोष्टीवर, आजार विक्रीच्या आधीचा की नंतरचा. त्यासाठी डॉक्टरांच्या साक्षी व्हायच्या, माणूस मेला असेल तर प्रेत फाडून बघितलेलं असायचं. विकणारा म्हणणार, तूच राबवून मारलास. आणि ज्याच्या छातीत दुखत होतं त्याला मात्र गोऱ्यांच्या या भांडणात साक्ष द्यायची परवानगीच नव्हती. डॉक्टरला त्याने जे सांगितलं, कधीपासून दुखतंय, कुठे दुखतंय, तेवढंच कधीकधी डॉक्टरच्या तोंडून कोर्टापुढे यायचं.

खटला जिंकला तर किंमत परत मिळायची खरेदीदाराला, आणि आजारी माणूस पुन्हा त्याच व्यापाऱ्याच्या ताब्यात. गुलामाला स्वतःला भरपाई म्हणून एक पैसाही नाही. १८६५ मध्ये गुलामगिरी संपली, पण लपवलेल्या दोषाचा तो कायदा लुइझियानात अजून आहे, आता तो घरं आणि गाड्यांना लागतो.